नियम बदलला की मुले काय शिकतात? बेळगाव तालुक्यातील एका फुटबॉल गटाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगाव शहराच्या दक्षिणेला, खानापूर रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका गावातील शाळेच्या मैदानावर घडले. गावाचे, शाळेचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. गट सहावी-सातवीतील वीस-बावीस मुलांचा असून त्यात चार मुली आहेत. बहुतेकांच्या घरी मराठी बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, तर दोघातिघांच्या घरी उर्दू. शाळेचे पीटी सर आठवड्यातून तीन संध्याकाळी विनामोबदला सराव घेतात आणि आता कॉलेजात असलेले त्यांचे दोन माजी विद्यार्थी त्यांना मदत करतात. मुले या दोघांना दादा म्हणतात. सर स्वतः कॉलेजच्या संघात बॅक म्हणून, म्हणजे बचावफळीत, खेळलेले आहेत आणि शिकवण्याची त्यांना मनापासून आवड आहे. त्यामुळे या प्रकरणात अडचण आली ती आस्थेच्या अभावामुळे आली, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

या पट्ट्याला फुटबॉल परका नाही. एका बाजूला तालमीतालमींत फुटबॉल मुरलेले कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूला चोर्ला घाट उतरला की गोवा, अशा दोन फुटबॉलवेड्या मुलखांच्या मधोमध बेळगाव आहे. तरीही गावच्या मैदानावर पहिला हक्क क्रिकेटचाच असतो. हे मैदान लाल मातीचे आहे, त्याच्या मध्यभागी क्रिकेटची घट्ट खेळपट्टी आहे आणि पश्चिमेची कडा उताराची असल्याने पाऊस झाला की पाणी तिथे साचते. आंतरशालेय स्पर्धांचे तालुका पातळीवरील सामने साधारणपणे पावसाळ्यातच येतात, आणि या गटाला ज्या स्पर्धेत उतरायचे होते ती अकरा विरुद्ध अकरा अशीच, पूर्ण मैदानावर खेळली जाणार होती. ही शेवटची बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयावर तिची सावली पडलेली आहे.

अडचण

सरावाचा ठरलेला क्रम असा होता: मैदानाला दोन फेऱ्या, कोनांमधून (जमिनीवर ठेवलेल्या शंकूच्या आकाराच्या खुणांमधून) बॉल नेणे, जोडीजोडीने पास देणे, गोलसमोर रांग लावून एकेकाने किक मारणे आणि शेवटी संपूर्ण मैदानावर अकरा-अकरांची मॅच. रांगेत आणि जोडीत मुलांचे पास नीट पडत असत. मॅच सुरू झाली की मात्र ते पास कुठेच दिसत नसत. गोलकीपर बॉल हातात आला की जमेल तितक्या लांब भिरकावत असे, उंच बॅक तो पुन्हा समोर उडवत असे, पुढे असलेली दोन दांडगी मुले धावून तो पकडत असत आणि उरलेली मुले बॉलभोवती झुंड करत किंवा कडेला उभी राहून “दे की रे, इकडं दे की” असे ओरडत. डाव्या कडेची एक चपळ मुलगी आख्ख्या अर्ध्या डावात बॉलला पायही न लावता परत येत असे.

सरांचा प्रश्न साधा होता: पास येतो, मग मॅचमध्ये तो देत का नाहीत? माझ्या मते या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले होते. जोडीने पास देताना समोर बॉल काढून घेणारे कोणी नसते, कोणाला द्यायचा हे ठरलेले असते आणि घाईही नसते. म्हणजे त्या सरावात पायाची हालचाल शिकली जाते; कधी द्यावा, कोणाला द्यावा आणि देऊच नये का, हे ठरवण्याचा भाग त्यात मुळी येतच नाही. मॅचमध्ये नेमका तोच भाग लागतो.

शिवाय मोजमापांचा मुद्दा होता. 100 मीटर लांब आणि 60 मीटर रुंद मैदानावर 22 मुले सोडली की एकेकाच्या वाट्याला सुमारे 270 चौरस मीटर जमीन येते. इतक्या विखुरलेल्या मुलांपर्यंत बारा वर्षांच्या मुलाचा पास बरेचदा पोहोचत नाही, म्हणून उंच लाथाडणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग ठरतो. गोलची चौकट 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच; या गटाच्या गोलकीपरचे हात तिच्या वरच्या दांडीपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे लांबून उंच मारलेली कोणतीही किक गोल होऊ शकत होती. मंडळाने वर्गणीतून घेऊन दिलेले बॉलही पाच नंबरचे, म्हणजे 410 ते 450 ग्रॅम वजनाचे होते. मोठ्यांच्या खेळाची सगळी मापे लहानांच्या अंगावर चढवल्यावर त्यांनी जो खेळ केला, तो त्या मापांना साजेसाच होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता तोच सराव वाढवण्याचा, म्हणजे कोन आणि जोडीचे पास जास्त वेळ घेण्याचा. दोन्ही दादा याच बाजूचे होते. दुसरा पर्याय होता दांडग्या तिघांना आठवी-नववीच्या मोठ्या गटात पाठवून देण्याचा. सरांनी तो लगेच बाजूला ठेवला, कारण स्पर्धेत ती मुले याच संघातून खेळणार होती. तिसरा पर्याय होता मॅच वारंवार थांबवून प्रत्येकाला कुठे उभे राहायचे हे सांगण्याचा. तो काही दिवस करूनही पाहिला गेला, परंतु शिट्टी वाजली की मुले सरांच्या तोंडाकडे पाहत आणि पुन्हा शिट्टी वाजली की बॉलकडे धावत. त्यातच एकच सूचना आधी मराठीत व मग कन्नडमध्ये द्यावी लागत असल्याने अर्धी संध्याकाळ बोलण्यातच जाई.

चौथा पर्याय होता खेळालाच बदलण्याचा. या विचाराला शिक्षणशास्त्रात जुना आधार आहे. इंग्लंडमधील लफबरो येथे डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी 1982 मध्ये अशी मांडणी केली, की आधी सुटे कौशल्य घोटून मग खेळ शिकवण्याऐवजी मुलांना झेपेल अशा रूपातला खेळ आधी द्यावा आणि कौशल्याची गरज त्यातून उभी राहू द्यावी. खेळ बदलण्याच्या दोन रीती पुढे या मांडणीत आल्या. पहिल्या रीतीत खेळाचा गाभा तसाच ठेवून मैदान, बॉल, गोल आणि खेळाडूंची संख्या लहान केली जाते. दुसऱ्या रीतीत एखादा नियम मुद्दाम असा घातला जातो, की खेळातली एक अडचण वाजवीपेक्षा ठळक होऊन मुलांसमोर वारंवार येते. पहिली रीत आज जगभर रूढ झाली आहे. इंग्लंडमध्ये मुले वयाप्रमाणे पाच-पाच, सात-सात आणि नऊ-नऊ असे टप्पे खेळत पुढे जातात; भारतातही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2018 मध्ये सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगमध्ये लहान संघांचाच खेळ ठेवला. दुसरी रीत अधिक मोहक आहे आणि अधिक धोक्याचीही आहे. या प्रकरणाचा बराचसा भाग त्या धोक्याविषयी आहे.

पहिला बदल: मैदान, बॉल आणि गोल

सरांनी मैदानाच्या कोरड्या बाजूला आडवे दोन छोटे भाग आखले, प्रत्येकी 30 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद. एकेका भागात पाच विरुद्ध पाच, गोलकीपर नाही, गोल म्हणून दोन कोनांमध्ये चार पावलांची जागा. चार नंबरचे, 350 ते 390 ग्रॅम वजनाचे बॉल उसने आणले. एकेका मुलाच्या वाट्याला आता 60 चौरस मीटर जमीन आली.

बॉलला पाय लागण्याचे प्रमाण त्याच संध्याकाळी डोळ्यांना दिसेल इतके वाढले. डाव्या कडेची ती मुलगी पहिल्या दहा मिनिटांतच दोघांना डॉज मारून गेली. लांब किका मात्र थांबल्या नाहीत, कारण गोलकीपर नसल्यामुळे आपल्याच अर्ध्यातून मारलेला बॉलही कोनांतून घरंगळत जाऊन गोल होत असे. तेव्हा सरांनी एक नियम जोडला: आपल्या संघाची सगळी मुले मधली रेघ ओलांडून गेलेली असतील तरच गोल धरला जाईल. मागे आळसावून उभी राहणारी मुले आता वर येऊ लागली, कारण ती आली नाहीत तर इतर चौघे त्यांच्यावर ओरडत. हा नियम चालला, आणि त्याचे कारण असे की खऱ्या खेळातही संघाने एकत्र वर सरकणे फायद्याचेच असते. नियमाने फक्त तो फायदा लगेच आणि उघड करून दाखवला.

पाच पासांचा नियम

याच्या पुढचा नियम होता तो जवळपास प्रत्येक मैदानावर कधी ना कधी लावला जातो: पाच पास झाल्याशिवाय गोल नाही. हेतू उघड होता आणि पहिल्या संध्याकाळी सर खूशही होते, कारण पासांची संख्या भराभर वाढली. दुसऱ्या आठवड्यात जे दिसू लागले ते पाहण्यासारखे होते. दोन मुले एकमेकांपासून तीन पावलांवर उभी राहून बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे करत आणि मोठ्याने मोजत. समोरच्या संघाला हे कळायला वेळ लागला नाही, की पाच होईपर्यंत धोका काहीच नाही. म्हणून ती मुले बॉल काढून घ्यायला पुढे येण्याऐवजी सरळ गोलसमोर भिंत करून उभी राहू लागली. पासाला विरोध नाही, म्हणून पास अचूक. आणि पास अचूक, म्हणून मुले शिकत आहेत असा समज.

याहून गंभीर गोष्ट एका प्रसंगात दिसली. उजव्या बाजूच्या एका मुलाने समोरच्याचा पास अडवला. त्याच्यापुढे गोल संपूर्ण मोकळा होता. त्याने बॉल घेऊन तोंड फिरवले आणि आपल्या अर्ध्याकडे परतला, कारण त्याचा अजून एकही पास झालेला नव्हता. “सर, आमचे पाच कुठं झालेत?” असे त्याने निरागसपणे विचारले. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. फुटबॉलमध्ये अशी संधी सोडण्याइतकी मोठी चूक दुसरी नसेल, आणि ती चूक त्याला नियमाने शिकवली होती.

येथे पहिला खरा निर्णय करावा लागला. दादांचे म्हणणे होते, की मोजणी कडक करावी: त्याच दोघांमधला पास मोजू नये, परत दिलेला पास मोजू नये, पाचही खेळाडूंचा पाय लागला पाहिजे. ही वाट मोहाची असते, कारण प्रत्येक पळवाटेवर एक नवा पोटनियम सुचतो. पण एवढे पोटनियम सांभाळायला पंच लागतो, मुलांचे लक्ष बॉलवरून मोजणीवर जाते आणि वादांत वेळ जातो. सरांनी अखेरीस अट काढून तिच्या जागी बक्षीस ठेवले. गोल कसाही झाला तरी एक. पण दोन्ही कडांना बॉल जाऊन आल्यावर झाला तर दोन. मोकळा गोल दिसला की मारायला आता आडकाठी नव्हती, आणि सवड असली की बॉल फिरवून घेण्यात फायदाही होता. केव्हा काय करायचे हे ठरवणे मुलांच्या हाती परत आले. अट आणि बक्षीस यांतला हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. मैदानावर तो या प्रकरणातील सर्वांत उपयोगी निर्णय ठरला असे माझे मत आहे.

अर्थात बक्षीसही विचारपूर्वकच ठेवावे लागते. मुलींना बॉल मिळावा म्हणून मुलीचा गोल दोनाचा धरावा, अशी सूचना एका दादाने केली होती. ती एक संध्याकाळ वापरली गेली. मुलांनी मुलींना गोलच्या तोंडाशी उभे केले आणि ढकलायला तेवढा बॉल पुढ्यात आणून दिला. मधल्या साऱ्या खेळातून त्या बाद झाल्या. त्या चपळ मुलीनेच हा नियम नको असे सांगितले, आणि तो गेला.

उंच बॅक आणि जोकर

दांडग्या तिघांचा प्रश्न लहान मैदानावरही उरला होता, विशेषतः उंच बॅकचा. तो बॉल घेऊन एकट्याने सगळ्यांना रेटत पुढे जात असे. सरांनी सुरुवातीला सर्वांसाठी दोन टचांची मर्यादा घातली, म्हणजे बॉल आला की त्याला दोनदाच पाय लावायचा. पाय तयार असलेल्या दोन-तीन मुलांना ती मानवली. बाकीच्यांची फरफट झाली. खडबडीत लाल मातीवर उडणारा बॉल पहिल्या टचमध्ये थांबतच नाही, त्यामुळे दुसरा टच घाबरून कुठेतरी मारण्याचा होई. ज्या मुलीचा डॉज हीच तिची ताकद होती, तिच्याकडून तो डॉजच काढून घेतला गेला. एकाला आवर घालण्यासाठी दहाजणांचे शिकणे बांधून ठेवणारा हा नियम आठवडाभरात उठवला गेला.

त्याच्या जागी जोकर आला. पाच-पाचांच्या खेळात अकरावा खेळाडू असा, की ज्याच्याकडे बॉल त्या संघाच्या बाजूने तो खेळतो, मात्र त्याने गोल मारायचा नाही. उंच बॅकला जोकर केल्यावर त्याच्यातला बदल लक्षणीय होता. बॉल येण्याआधीच तो मान वळवून कोण मोकळे आहे हे पाहू लागला, कारण पास देण्यावाचून त्याला दुसरे काही करताच येत नव्हते. पण काही दिवसांनी तो सरावाला येईनासा झाला. विचारले तेव्हा म्हणाला, “तुम्ही मला गोलच मारू देत नाहीसा, मग मी कशाला येऊ?”

हा दुसरा निर्णय. सरांना त्याच्यातली सुधारणा दिसत होती आणि ती घालवायची नव्हती; दुसरीकडे, बारा वर्षांचा मुलगा गोल मारण्यासाठीच मैदानावर येतो हेही खरे होते. त्यांनी जोकर दर पाच मिनिटांनी बदलण्याचे ठरवले, मग तो दांडगा असो की लहान. उंच बॅक परत आला. त्याच्या मान वळवून पाहण्यात थोडी घट झाली, परंतु लहान चणीची दोन मुले जोकर झाल्यावर प्रथमच खेळाच्या मध्यभागी आली, ही त्यातली अनपेक्षित जमेची बाजू.

चार गोलांचा खेळ

आतापर्यंतच्या सगळ्या बदलांपैकी ज्याला सर्वांत कमी बोलावे लागले तो बदल चार गोलांचा होता. मैदान लांबीपेक्षा रुंद आखले, 25 मीटर लांब आणि 35 मीटर रुंद, आणि प्रत्येक बाजूच्या रेघेवर दोन्ही कोपऱ्यांत एकेक छोटा गोल ठेवला. म्हणजे प्रत्येक संघाला दोन गोल राखायचे आणि दोनांपैकी कोणत्याही गोलात मारायचे. बाकी नियम काही नाही.

पहिली काही मिनिटे झुंड तशीच होती. सगळे एका गोलकडे धावले, बचाव करणारेही तिकडेच धावले, आणि दुसरा गोल ओस पडला. तो ओस पडलेला गोल कोणालाही दाखवून द्यावा लागला नाही. कन्नड बोलणाऱ्या घरातला एक अबोल मुलगा झुंडीतून बाहेर निघून दुसऱ्या कोपऱ्याजवळ एकटा जाऊन उभा राहिला. त्याला बॉल मिळेपर्यंत दोन-तीन डाव गेले. मिळाल्यावर त्याने तो चालत नेऊन गोल केला. त्यानंतर प्रत्येक संघात कोणी ना कोणी तिकडे उभे राहू लागले, मग बचाव करणाऱ्यांना झुंड सोडून पसरावे लागले, आणि ते पसरल्यामुळे मध्ये जागा मोकळी झाली, जी पुन्हा कोणीतरी हेरली. एका बाजूला गर्दी झाली की दुसरी बाजू मोकळी असते, ही गोष्ट सरांनी वर्षभर फळ्यावर खडूने काढून दाखवली होती. ती येथे मुलांना सापडली, कारण न पाहिल्यास गोल खावा लागत होता आणि पाहिल्यास गोल मिळत होता.

हा खेळ का चालला आणि पाच पासांचा का फसला, याचा विचार करताना मला असे दिसते, की चार गोलांच्या खेळात समोरच्या संघाचा स्वार्थ शाबूत राहतो. बचाव करणाऱ्याला बॉल काढून घ्यायचाच असतो, मारणाऱ्याला गोल करायचाच असतो. नियम कोणाच्याही मूळ हेतूच्या आड येत नाही. पाच पासांच्या नियमाने बचाव करणाऱ्याचा पुढे येण्याचा हेतूच काढून घेतला होता. त्यामुळे एखादा नवा नियम लावण्यापूर्वी, त्याने विरुद्ध संघ काय करू लागेल, हा प्रश्न आधी विचारावा असे मी सुचवीन. आपण बहुधा बॉल असलेल्या संघाकडेच पाहत नियम रचतो.

पावसाने घातलेला नियम

शाळा उघडल्यावर लवकरच पाऊस लागला आणि मैदानाने स्वतःचा नियम घातला. चिखलात जमिनीलगतचा पास चार हातांवर रुतून बसू लागला, तेव्हा मुलांनी पुन्हा बॉल उचलून मारायला सुरुवात केली. सर आधी रागावले. नंतर त्यांच्या लक्षात आले, की रुतणाऱ्या मातीवर बॉल उचलणे हा मुलांचा हट्ट नसून परिस्थितीचे योग्य वाचन आहे. मानवी हालचालींचे अभ्यासक कार्ल न्यूवेल यांनी 1986 मध्ये हालचालींवर बंधन आणणाऱ्या गोष्टींचे तीन गट सांगितले होते: शिकणाऱ्याचे शरीर, भोवतालची परिस्थिती आणि दिलेले काम. नियम बदलणारा प्रशिक्षक तिसऱ्या गटावर काम करतो, पण दुसरा गट त्याच्या परवानगीची वाट पाहत नाही.

पावसाच्या संध्याकाळी मग शाळेच्या सिमेंटच्या अंगणात चार-चारांचा खेळ घेतला गेला. बॉलमधली थोडी हवा सोडल्याने तो उसळेनासा झाला आणि पायाजवळ राहू लागला. अंगणाच्या एका कोपऱ्यात शेवाळ धरते, तेवढी जागा दोरी लावून बंद केली. कोरड्या दिवशी मैदान, ओल्या दिवशी अंगण, असा क्रम लागला.

नियम काढून घेणे

प्रत्येक सरावाची शेवटची दहा-पंधरा मिनिटे सरांनी कोणत्याही खास नियमाविना ठेवली. ही वेळ सुरुवातीला केवळ मुलांच्या हौसेसाठी होती. कालांतराने तीच तपासणीची वेळ ठरली. एक दादा वहीत रेघा ओढून एवढेच नोंदवत असे, की बॉल एका कडेवरून दुसऱ्या कडेला किती वेळा गेला आणि आपल्या गोलपासून निघालेला पहिला पास जमिनीलगत होता की उडवलेला. चार गोलांच्या खेळानंतर कडा बदलण्याच्या खुणा वाढल्या आणि त्या टिकल्या. पाच पासांच्या दिवसांतली वाढ नियम उठताच दुसऱ्याच दिवशी नाहीशी झाली होती. नियम चालू असताना दिसणारे वर्तन हे नियमाचे पालन असते. शिकणे किती झाले ते नियम उठल्यावर कळते. या साध्या वहीमुळे तो फरक सरांना दिसू शकला.

मागून खेळ बांधण्यासाठी सरांनी एक माघार-रेघही वापरली. अमेरिकेत लहान मुलांच्या सात-सातांच्या खेळात अशी रेघ असते: गोलकीपरच्या हातात बॉल असला की विरुद्ध संघ त्या रेघेमागे जातो आणि बॉल खेळात आल्यावरच पुढे येऊ शकतो. तिच्यामुळे बॅकना बॉल निवांत घेता येऊ लागला. परंतु रेघ एकदम काढल्यावर पहिल्याच दाबाखाली तेच बॅक गडबडले. म्हणून मग आधी एका खेळाडूला रेघेपुढे राहण्याची मुभा, मग दोघांना, अशी ती टप्प्याटप्प्याने काढावयाची ठरली. स्पर्धा आली तेव्हा काम दोघांपर्यंतच आलेले होते.

पालक

सराव बघायला येणाऱ्या पालकांना हे सारे पटत नव्हते. कोल्हापुरातील शाहू स्टेडियमवरचे सामने पाहिलेल्या एका वडिलांनी सरांना विचारले, “ऑफसाईड नाही, गोलकीपर नाही, ह्यो कसला फुटबॉल म्हणायचा?” (ऑफसाईड म्हणजे विरुद्ध संघाच्या अर्ध्यात, बॉल आणि त्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांच्याही पुढे उभे राहून पास घेणे; त्याला मनाई असते.) सरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही, त्यांना एका संध्याकाळी फक्त आपल्या मुलाच्या पायाला किती वेळा बॉल लागतो ते मोजायला सांगितले. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, तथापि स्पर्धेनंतर त्यांच्या शंकेतला अर्धा भाग खरा ठरला, हे पुढे येईलच.

परिणाम

स्पर्धेतील पहिला सामना पूर्ण मैदानावर, चिखलात झाला. पूर्वार्धात गोलकीपरने जवळच्या बॅकला पास दिला, विरुद्ध संघाची तीन मुले एकदम धावून आली, बॉल चिखलात अडकला आणि गोल झाला. तसाच दुसराही झाला. मध्यंतरात सरांनी बॉल उडवायला सांगितले नाही आणि पास द्याच असेही सांगितले नाही. समोर किती मुले येत आहेत ते बघून ठरवा, एवढेच म्हणाले. उत्तरार्धात मुलांनी दोन्ही केले. अबोल मुलगा उजव्या कडेला मोकळा राहिला, उंच बॅकने मान वर करून त्याला लांब पण जमिनीजवळचा पास दिला, आणि त्यातून एक गोल झाला. संघ एका गोलने हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला.

या सामन्यात ऑफसाईडसाठी शिट्टी वारंवार वाजली, आणि दर वेळी मुलांनी पंचाकडे गोंधळून पाहिले. सरावात ऑफसाईड कुठेच नव्हता. चार गोलांच्या खेळाने तर गोलजवळ जाऊन उभे राहणे फायद्याचे करून ठेवले होते. वडिलांची शंका येथे खरी ठरली. जे काही टिकले ते असे: कडा बदलणे, बॉल येण्यापूर्वी पाहणे, आणि बॉलला पाय लावणाऱ्या मुलांची वाढलेली संख्या. दाबाखाली मागून खेळणे टिकले नाही. गोलकीपरचा सराव तर जवळजवळ झालाच नव्हता, कारण बहुतेक खेळांत गोलकीपरच नव्हता.

गटातील एक मुलगा नंतर क्रिकेटकडे गेला. उंच बॅक आणि चपळ मुलगी दोघेही टिकून आहेत.

वेगळे काय करता आले असते

ऑफसाईड पुष्कळ आधी आणायला हवा होता, आणि तोही सोप्या रूपात. अमेरिकेतील त्याच सात-सातांच्या खेळात मधल्या रेघेपासून माघार-रेघेपर्यंत ऑफसाईड धरत नाहीत, तिच्यापलीकडेच धरतात. सरांनी माघार-रेघ घेतली पण तिच्या या दुसऱ्या उपयोगाकडे दुर्लक्ष झाले. एकाच चुन्याच्या रेघेने दोन्ही कामे झाली असती.

दुसरे असे, की सुरुवातीच्या आठवड्यांत दोन-दोन नियम एकत्र लावले गेले. काहीतरी सुधारले तर कशामुळे सुधारले, हे मग सांगता येत नाही. वही सुरुवातीपासून असती आणि नियम लावण्यापूर्वीच, तो चालला तर मुले नेमके काय करताना दिसतील, हे एका ओळीत लिहिले गेले असते, तर पाच पासांचा नियम दुसऱ्या आठवड्याची वाट न पाहता तिसऱ्या संध्याकाळीच उठला असता.

स्पर्धेपूर्वी पूर्ण मैदानावर किती खेळावे, याबद्दल मात्र माझे आणि सरांचे मत जुळत नाही. त्यांच्या मते शेवटचे तीन आठवडे फक्त अकरा-अकरांचा सराव व्हायला हवा होता. माझ्या मते तेवढ्याने ऑफसाईडची ओळख झाली असती, पण डाव्या कडेची मुलगी पुन्हा बॉलवाचून परत आली असती. त्यापेक्षा मैदानाच्या दोन-तृतीयांश भागावर गोलकीपरसह नऊ-नऊ, माघार-रेघेसकट, असा मधला टप्पा घ्यायला हवा होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर मैदान वाळले की तोच टप्पा घेण्याचे ठरले आहे. गोलकीपर रोज नवा असेल, आणि पहिल्या महिन्यात नवा नियम एकच असेल, तो ऑफसाईडचा. तो मुलांना कोणत्या खेळातून सापडावा, हे अजून ठरायचे आहे; दोन्ही दादांनी प्रत्येकी एक खेळ सुचवला असून दोन्हींत विरुद्ध संघ काय करेल याची चर्चा चालू आहे.